तीनशे बारा वाचक आणि अडलेली नाव

पत्राचा सारांश : पत्रलेखिका हिशेबनीस म्हणून पूर्णवेळ नोकरी करतात. रोज पहाटे पाच ते सात या दोन तासांत लिहून त्यांनी सहा वर्षांत एक अद्भुतरम्य कादंबरी पूर्ण केली. तिच्यातला नावाडी उतारूंकडून पैसे घेत नाही. पैलतीराला पोहोचवण्याच्या मोबदल्यात तो प्रत्येकाची एक आठवण ठेवून घेतो. एका छोट्या प्रकाशनसंस्थेने आठ महिन्यांपूर्वी ही कादंबरी प्रसिद्ध केली आणि आजवर तिच्या ३१२ प्रती खपल्या. "लेखक रोज लोकांना दिसत राहिला पाहिजे," असे प्रकाशकांनी सुचवल्यापासून त्यांच्या पहाटा समाजमाध्यमांसाठी छायाचित्रे आणि छोटे व्हिडिओ तयार करण्यात जातात, आणि कथेचा दुसरा भाग तिसऱ्या प्रकरणात अडून पडला आहे. एका मुलाखतीत "ही कल्पना सुचली कशी?" असे विचारल्यावर त्यांनी लहानपणी ऐकलेल्या गोष्टींचे नाव पुढे केले, खरे कारण होते वडिलांचा स्मृतिभ्रंश. ते खोटे बोलणे त्यांना सलते आहे, आणि खरे सांगितले तर वडिलांच्या आजाराचा बाजार मांडल्यासारखे होईल, अशीही भीती वाटते आहे. त्या विचारतात : प्रसिद्धी पूर्ण थांबवून लिहायला बसावे, की पहिला भाग खपेपर्यंत दुसरा बाजूला ठेवावा?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि सोबत पाठवलेली दोन्ही भागांची प्रकरणे त्याहून सावकाश वाचली. नावाड्याच्या तळहातावरच्या घट्ट्यांचा जो परिच्छेद आहे, त्याच्यापाशी मी बराच वेळ थांबले. ते घट्टे वल्ह्याने पडलेले नाहीत, घेतलेली जी जी आठवण त्याला परत द्यावीशी वाटली आणि देता आली नाही, तिचा एकेक घट्टा आहे, आणि पलीकडे निघालेली म्हातारी त्यांतल्या एकावर बोट ठेवून "ही कुणाची?" असे विचारते. एवढी मोठी कल्पना तुम्ही हाताच्या कातडीवर आणून ठेवली आहे. हे आधी सांगते, कारण पुस्तक कसे झाले आहे याविषयी तुमच्या पत्रात एकही वाक्य नाही. आहे तो सगळा आकड्यांचा हिशेब.

त्या हिशेबापासूनच सुरुवात करू. ३१२ हा आकडा तुम्ही पत्रात चार वेळा लिहिला आहे आणि चारही वेळा त्याच्या आधी "फक्त" हा शब्द आहे. छपाईला आलेला खर्च प्रकाशकांना भरून काढायचा असतो, त्यामुळे हा आकडा वाढावा ही त्यांची अपेक्षा रास्त आहे, आणि तुमचीही. परंतु त्यावरून तुम्ही दोन निष्कर्ष काढले आहेत आणि ते मला तपासून पाहावेसे वाटतात. एक, पुस्तक खपत नाही त्या अर्थी ते चांगले नसावे. दोन, ते चांगले असलेच, तर खपण्यासाठी मला रोज लोकांसमोर उभे राहावे लागेल. पहिल्यात खप आणि गुण यांची गल्लत आहे. दुसऱ्यात दिसणे आणि पोहोचणे यांची. तुमचा शेवटचा व्हिडिओ किती जणांनी पाहिला, हे तुम्ही अगदी सुट्या अंकापर्यंत लिहिले आहे. त्या ३१२ जणांपैकी किती जणांशी तुमचे बोलणे झाले, याचा मात्र उल्लेख नाही. अपवाद एकच, आणि तोही तुम्ही ताजा कलम म्हणून सगळ्यात खाली टाकला आहे : एका अनोळखी वाचकाने तुम्हाला विचारले की नावाड्याला स्वतःला पैलतीरी जायचे असेल, तर तो भाडे कुणाला देईल? तुमच्या संपूर्ण पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ मला ती वाटते, आणि तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

अद्भुतकथा लिहिणाऱ्याने आपला वाचक कुठे शोधावा, हा प्रश्न फार जुना आहे. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये रचलेल्या 'कथासरित्सागरा'च्या आरंभीच गुणाढ्याची कथा येते. सातवाहन राजाच्या दरबारातला हा विद्वान एका पैजेत हरतो, संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडतो, विंध्याच्या अरण्यात जातो आणि 'पैशाची' या पिशाचांच्या मानल्या गेलेल्या भाषेत सात वर्षांत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहितो; अरण्यात शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहितो. गुणदेव आणि नंदिदेव हे त्याचे दोन शिष्य तो ग्रंथ राजाकडे घेऊन जातात, कारण एवढ्या मोठ्या ग्रंथाला तेवढाच मोठा रसिक हवा. राजा भाषा पाहतो, रक्ताची अक्षरे पाहतो आणि ग्रंथ परत पाठवतो. तेव्हा गुणाढ्य डोंगरावर अग्निकुंड पेटवतो, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवतो आणि आगीत टाकतो. प्राणी चरायचे सोडून, डोळ्यांत पाणी आणून, त्याच्याभोवती कडे करून ऐकत राहतात. इकडे राजाच्या ताटात सुकलेल्या प्राण्यांचे मांस येऊ लागते, त्याने तो आजारी पडतो, आणि कारणाचा माग काढत अरण्यात पोहोचतो तोवर सहा लाख श्लोक जळून गेलेले असतात. उरलेली असते ती एक लाख श्लोकांची एकच कथा, शिष्यांना विशेष आवडली म्हणून बाजूला ठेवलेली.

ही कथा बहुधा उपेक्षित प्रतिभावंताची म्हणून सांगितली जाते. मी लिहिणारी असल्यामुळे मला तिच्यात आणखी काही दिसते. ग्रंथ दरबाराच्या दाराशी नेऊन ठेवला तेव्हा काहीच घडले नाही, कारण राजाने तो फक्त बाहेरून पाहिला. एकेक पान मोठ्याने वाचले जाऊ लागले तेव्हा ऐकणारे जमले, आणि राजापर्यंत वार्ता गेली ती त्या ऐकणाऱ्यांमुळे. शिवाय आगीतून जे बचावले ते राजाच्या पसंतीने बचावले नाही. दोन जवळच्या श्रोत्यांना ते आवडले होते म्हणून बचावले. तुम्ही रोज पहाटे जे करता, ते पुस्तक दरबाराच्या दाराशी नेऊन ठेवणे आहे. त्यात तुमची पाने कोणी ऐकत नाही. मुखपृष्ठ, मेजावरची शाईची दौत, खिडकीतला प्रकाश हे सारे लोक पाहतात आणि पुढे सरकतात.

आता तुमचे दोन पर्याय. प्रसिद्धी पूर्ण थांबवण्याचा पर्याय मला समजतो आणि तो अशक्यही नाही. इंग्रज अद्भुतकथालेखिका सुझॅना क्लार्क यांना पहिली कादंबरी लिहायला सुमारे दहा वर्षे लागली. ती २००४ मध्ये आली. दीर्घ आजारपणामुळे त्यांची दुसरी कादंबरी थेट २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, तरी वाचक त्यांना विसरले नव्हते आणि २०२१ मध्ये तिला 'विमेन्स प्राइज फॉर फिक्शन' हा पुरस्कार मिळाला. मात्र त्यांच्या पहिल्या पुस्तकामागे मोठ्या प्रकाशनसंस्थेची पूर्ण ताकद उभी होती. तुमच्या प्रकाशकांकडे तशी यंत्रणा नाही, म्हणून तुम्ही अगदीच गप्प बसलात तर पुस्तकाविषयी पहिला शब्द बोलणारे कोणी उरणार नाही. हा पर्याय मी सुचवणार नाही, पण त्याची ओढ वाटणे यात काही कमीपणाही मानणार नाही.

पहिला भाग खपेपर्यंत दुसरा न लिहिण्याचा पर्याय मात्र मला घातक वाटतो. मालिकेतला पहिला भाग हाती घेताना, पुढचा येणार आहे की नाही, हे वाचक बघतो. अर्ध्यावर सोडलेल्या मालिकांनी तो पोळलेला असतो. म्हणजे दुसरा भाग पुरा होणे हीच पहिल्या भागाची सर्वांत भक्कम जाहिरात आहे, आणि तुम्ही नेमकी तीच थांबवू पाहता आहात.

तुम्ही पत्रात ज्या विक्रमी आकड्याचा उल्लेख करता, त्याविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. अमेरिकी अद्भुतकथालेखक ब्रँडन सँडरसन यांनी मार्च २०२२ मध्ये चार कादंबऱ्यांसाठी वाचकांकडून थेट आगाऊ नोंदणी घेतली, तेव्हा १ लाख ८५ हजारांहून अधिक लोकांनी मिळून ४ कोटी १७ लाख डॉलर दिले. नव्या लेखकांसमोर हा आकडा वारंवार ठेवला जातो. त्याआधीचे फारसे सांगितले जात नाही. त्यांची प्रसिद्ध झालेली पहिली कादंबरी २००५ मधली. ती त्यांनी लिहिलेली सहावी होती, आणि ती स्वीकारली जाईपर्यंत हॉटेलात रात्रपाळी करत त्यांनी डझनभर कादंबऱ्या लिहून ठेवल्या होत्या. पहिले पुस्तक आल्यापासून त्या नोंदणीपर्यंत सतरा वर्षे ते नेमाने वाचकांच्या हाती पुस्तके देत राहिले. तो आकडा सतरा वर्षांच्या भरवशाचा आहे, आणि तुमच्या पुस्तकाला आठ महिने झाले आहेत.

तुमच्या परिस्थितीला जवळचे उदाहरण अमेरिकी अद्भुतकथालेखक क्रिस्टोफर पाओलिनी यांचे. पंधराव्या वर्षी लिहायला घेतलेली त्यांची कादंबरी घरच्यांनी स्वतः छापली, आणि २००२ पासून पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत त्यांनी मध्ययुगीन पोशाख घालून शाळांत, ग्रंथालयांत आणि पुस्तकांच्या दुकानांत १३५ हून अधिक कार्यक्रम केले. एवढी पायपीट करूनही पुस्तकाचे नशीब पालटले ते एका मुलामुळे. कादंबरीकार कार्ल हायासेन यांच्या सावत्र मुलाने ते पुस्तक वाचले आणि त्यांना सांगितले, त्यांनी आपल्या प्रकाशकांना सांगितले, आणि २००३ मध्ये मोठ्या प्रकाशनसंस्थेने ते नव्याने छापले. पायपीट वाया गेली, असे मी म्हणत नाही. ती केली नसती तर पुस्तक त्या मुलाच्या हाती कदाचित पडलेच नसते. पण पुढचे काम पुस्तक वाचलेल्या माणसाने केले.

म्हणून मी तिसरा मार्ग सुचवते, आणि तो दिवसाच्या वाटणीपासून सुरू होतो. पहाट परत घ्या. तुमचे पुस्तक ज्या दोन तासांत झाले, ते दोन तास व्हिडिओला देणे म्हणजे बियाणे विकून शेत राखण्यासारखे आहे. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. टेरी प्रॅचेट यांच्या विनोदी अद्भुतकथांची मालिका १९८३ मध्ये सुरू झाली तेव्हा ते ब्रिटनच्या वीजमंडळात प्रसिद्धी अधिकारी होते आणि १९८७ पर्यंत त्यांनी ती नोकरी केली. दुसऱ्यांची प्रसिद्धी हा ज्यांचा दिवसभराचा व्यवसाय होता, त्यांनीही लिहिण्याची वेळ वेगळी राखली. प्रसिद्धीसाठी आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा. तेवढ्यात जे बसेल ते करा, न बसेल ते सोडा, आणि आपण काय करणार आणि काय करणार नाही हे प्रकाशकांना लेखी कळवा. तुम्ही स्पष्ट सांगितलेत तर बहुतेक प्रकाशक ते मान्य करतील, कारण दुसरा भाग वेळेत मिळणे त्यांच्याही फायद्याचे आहे.

त्या एका संध्याकाळी काय करावे? माझे उत्तर आहे, वाचून दाखवावे. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी एका ग्रंथालयात वाचनाचा कार्यक्रम होता. अकरा माणसे आली होती आणि आयोजक विक्रीसाठी पुस्तके मागवायलाच विसरले होते. कल्पनाशक्तीचे महत्त्व या विषयावर मी भाषण तयार करून नेले होते. ते बाजूला ठेवून मी चार पाने वाचली. त्या कथेतल्या गावात आरसे नव्हते. पुढच्या रांगेतल्या एका शाळकरी मुलीने विचारले, "मग आपण म्हातारे झालो हे तिथल्या लोकांना कळते कसे?" मला उत्तर देता आले नाही. घरी जाताना मी तो प्रश्न तिकिटाच्या मागे लिहून ठेवला, आणि माझे पुढचे पुस्तक त्या प्रश्नातून निघाले. त्या अकरापैकी तिघे आजही माझे प्रत्येक पुस्तक छापण्याआधी वाचतात.

तुम्हाला ग्रंथालयच हवे असे नाही. वाचक-गट, महाविद्यालयातले साहित्य मंडळ, ओळखीच्या घरातली बैठक, यांपैकी काहीही चालेल. दहा मिनिटांच्या वर वाचू नका आणि प्रसंगाच्या ऐन मध्यावर थांबा. निघताना एक वही फिरवा आणि ज्यांना पुढच्या भागाची वार्ता हवी असेल, त्यांना आपापला ईमेल पत्ता लिहू द्या. महिन्यातून एकदा त्या पत्त्यांवर एक छोटे पत्र पाठवा. समाजमाध्यमावर तुमचे म्हणणे कोणाला दाखवायचे हे ते माध्यम ठरवते. या यादीवर तुमच्याखेरीज कोणाचा हक्क नाही. व्हिडिओ करायचाच असेल, तर त्यात स्वतःच्या आवाजात एक परिच्छेद वाचा, तोच घट्ट्यांचा, आणि एकदा केलेला व्हिडिओ महिनाभर वापरा.

मलपृष्ठावरचा मजकूरही एकदा तपासून पाहा. तिथे सध्या "कल्पनेच्या अथांग विश्वात नेणारी विलक्षण गाथा" असे लिहिले आहे. ते वाक्य कोणत्याही अद्भुतकथेच्या मागे छापता येईल. "या नदीवरचा नावाडी पैसे घेत नाही, तो तुमची एक आठवण ठेवून घेतो, आणि कोणती हे तोच ठरवतो," एवढे दोन ओळींत लिहिले असते, तर पुस्तक उलटून पाहणाऱ्याच्या मनात आपली कोणती आठवण जाईल, हा विचार तिथेच सुरू झाला असता. पुढच्या आवृत्तीची वाट न पाहता निदान विक्रीच्या संकेतस्थळांवरचा मजकूर बदलून घ्या.

आणि एक इशारा. ठरावीक रकमेत पुस्तक सर्वाधिक खपाच्या यादीत नेऊन देतो किंवा पन्नास उत्तम अभिप्राय मिळवून देतो, असे सांगणाऱ्यांना एक पैसाही देऊ नका. विकत घेतलेला अभिप्राय वाचकाला ओळखू येतो आणि त्याच्या शेजारचा खरा अभिप्रायही मग त्याला खोटा वाटू लागतो. त्याऐवजी प्रकाशकांशी केलेला करार काढून ध्वनिपुस्तकाचे आणि भाषांतराचे हक्क कोणाकडे आहेत, विक्रीचा हिशेब किती महिन्यांनी मिळणार आहे, हे वाचा. हिशेब वाचणे हा तर तुमचा रोजचा उद्योग आहे.

आता मुलाखतीतल्या त्या प्रश्नाविषयी. तुमच्या पत्रातला सर्वांत नाजूक भाग हाच आहे आणि त्यावर मला सावकाश लिहायचे आहे. "कल्पना सुचली कशी?" असे विचारणाऱ्याला एक कारण हवे असते, आणि आपल्यालाही हळूहळू वाटू लागते की प्रत्येक पुस्तकामागे तसे एकच कारण असते व ते प्रामाणिकपणे सांगणे हे आपले कर्तव्य आहे. प्रत्यक्षात ते तसे नसते. 'नार्निया'च्या कथांचे लेखक सी. एस. लुईस यांनी लिहून ठेवले आहे की, बर्फाळ रानात छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला एक अर्धमानव-अर्धबकरा हे चित्र त्यांच्या मनात सोळाव्या वर्षापासून होते. त्याची गोष्ट करून पाहू असे त्यांना वाटले तेव्हा ते चाळिशीच्या आसपास होते, आणि पुस्तक आले १९५० मध्ये. अमेरिकी लेखिका उर्सुला ले ग्विन यांनी १९६८ च्या आपल्या प्रसिद्ध द्वीपसमूहाच्या कथेसाठी आधी नकाशा काढला आणि मग त्या बेटांवर कोण राहते याचा शोध घेतला. चित्र असो वा नकाशा, त्यातून पुस्तकाचा उलगडा होत नाही. तिथे फक्त दार उघडते. तुमच्या बाबतीत ते दार वडिलांच्या हातून उघडले. तुम्ही लिहिले आहे की एका संध्याकाळी त्यांनी घराची किल्ली तुमच्यापुढे धरली आणि विचारले, "ही कुणाची?"

तुमच्या लक्षात आले आहे की नाही, मला माहीत नाही. पण तुमच्या कादंबरीतली म्हातारी घट्ट्यावर बोट ठेवून हेच दोन शब्द उच्चारते. म्हणजे जे सत्य मुलाखतीत दडवल्याचे तुम्हाला सलते आहे, ते तुम्ही पुस्तकात आधीच, एक अक्षरही न बदलता, सांगून टाकलेले आहे. वाचकाशी तुम्ही खोटे बोललेल्या नाही. मुलाखतकाराला दिलेले उत्तर खरे नव्हते आणि ते सुधारावे, असे मलाही वाटते, परंतु सुधारणे म्हणजे सारे उघड करणे नव्हे. पुढच्या वेळी एवढेच म्हणा : "माझ्या अगदी जवळच्या एका माणसाच्या आठवणी एकेक करून जाताना मी पाहते आहे. त्याविषयी याहून अधिक बोलणार नाही, नावाड्याविषयी मात्र हवे ते विचारा." हे खरे आहे, पुरेसे आहे, आणि यात वडिलांची ओळख उघडी पडत नाही.

याहून अधिक सांगायची इच्छा पुढे झालीच, तर आधी घरात विचारा. वडिलांना समजण्याचे दिवस अजून येत असतील, तर त्यांना स्वतःला विचारा. नसतील, तर त्यांची काळजी वाहणाऱ्या बाकीच्यांना. आणि जागा विचारपूर्वक निवडा. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत या गोष्टीचे भांडवलच होईल, अगदी तुमची तशी इच्छा नसली तरी. दुसऱ्या भागाच्या शेवटी चार पानांचे मनोगत लिहिलेत, तर ते वाचणारा तुमची दोन पुस्तके वाचून तिथवर आलेला असेल. आणखी एका गोष्टीची तयारी ठेवा : हे कळल्यावर आपल्या आईवडिलांचे असेच काही सोसणारे लोक तुम्हाला लिहू लागतील. प्रत्येकाला उत्तर देण्याचे बळ सध्या तुमच्या अंगी नसेल, तर थांबण्याला तेवढे एक कारणसुद्धा पुरे आहे.

"हे सगळे लहान मुलांचे, आता काहीतरी गंभीर लिही," या नातेवाइकांच्या बोलण्याला तुम्ही अर्धे पान दिले आहे. ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही, त्यांच्या मताला एवढी जागा देऊ नका. घट्ट्यांचा परिच्छेद कोणत्याही वयाच्या माणसासमोर गंभीरच आहे.

राहिले ते अडलेले तिसरे प्रकरण. तुम्ही लिहिता की प्रेरणा आटली. मी ती प्रकरणे हातात पेन्सिल घेऊन वाचली आणि मला कारण वेगळे दिसते. पहिल्या भागाच्या सुरुवातीला नावाडी घेतलेली आठवण नदीत सोडून देतो. दुसऱ्या भागात तीच आठवण त्याच्या झोपडीच्या आढ्याला टांगलेली आहे. दोन्ही चित्रे सुंदर आहेत, पण ती एकाच जगातली असू शकत नाहीत; आणि घेतलेल्या आठवणींचे पुढे काय होते हे तुम्ही ठरवलेले नसल्यामुळेच तिसऱ्या प्रकरणात नावाडी तीनदा नावेपर्यंत येतो आणि तीनदा तुम्ही त्याला झोपडीत परत पाठवता. अद्भुतकथेत वाटेल ते घडू शकते, असे बाहेरच्यांना वाटते. आपल्याला माहीत असते की जादूची किंमत कोणीतरी चुकती करावी लागते आणि त्या व्यवहाराची नोंद कुठेतरी बिनचूक असावी लागते. तुम्ही दिवसभर खतावणी लिहिता. तशीच एक खतावणी या नदीची लिहा. कोणाची कोणती आठवण जमा झाली, ती कुठे ठेवली गेली, देणाऱ्याच्या खात्यात काय उणे झाले, आणि नावाड्याच्या खात्यात शिल्लक काय आहे.

या मांडणीत पहिल्या भागातले काही चुकीचे ठरले, तरी घाबरू नका. जे. आर. आर. टॉल्किन यांचे 'द हॉबिट' १९३७ मध्ये आले, प्रकाशकांनी पुढचे पुस्तक मागितले आणि त्यांनी त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते सुरूही केले. लिहिता लिहिता पहिल्या पुस्तकातल्या जादूच्या अंगठीचे स्वरूपच बदलले, तेव्हा त्यांनी 'द हॉबिट'मधले कोड्यांचे प्रकरण नव्याने लिहिले आणि १९५१ च्या आवृत्तीत ते बदललेल्या रूपात छापले गेले. पुढचे पुस्तक, म्हणजे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज', लिहून व्हायला बारा वर्षे लागली आणि ते १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाले. त्या वर्षांत ते विद्यापीठात शिकवत होते, आणि लिहून झालेली प्रकरणे मित्रांच्या छोट्या बैठकीत मोठ्याने वाचत होते.

आता त्या ताजा कलमाकडे परत येते. नावाड्याला पैलतीरी जायचे असेल तर तो भाडे कुणाला देईल, असे विचारणाऱ्या वाचकाने तुमच्या तिसऱ्या प्रकरणाच्या गाठीवर नेमके बोट ठेवले आहे, आणि तेही ते प्रकरण न वाचता. असा वाचक ३१२ मध्ये असणे ही मोठी कमाई आहे. तुम्ही अजून त्याला उत्तर पाठवलेले नाही, असे लिहिता. या आठवड्यातल्या प्रसिद्धीच्या संध्याकाळी दुसरे काही करू नका. त्याला पत्र लिहा, उत्तर सापडलेले नाही असे मोकळेपणाने सांगा, आणि अडलेले प्रकरण वाचून पाहायला तो तयार आहे का, हे विचारा. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला खतावणी उघडा आणि नावाड्याच्या खात्यापासून सुरुवात करा. तो भाडे कुणाला देतो हे सापडले, की मलाही कळवा.